तिसऱ्या भागातला कफील

पुस्तकं चार होती आणि त्यांच्या पाठीवर सोनेरी आकडे होते: एक, दोन, चार, पाच. तीन नव्हता. आमच्या इस्पितळातली एक आयरिश सिस्टर नोकरी संपवून कायमची घरी निघाली, तेव्हा तिने ती मला दिली. सौदीतलं हे जिझान सोडताना माणसं मागे मिक्सर ठेवतात, इस्त्री ठेवतात, वॉशिंग पावडरचा अर्धा डबा ठेवतात. हिने पुस्तकं ठेवली.

"माझ्या आजीची आहेत," ती म्हणाली. "तिसरा भाग क्वार्टर्समधल्या एकीने वाचायला नेला आणि त्याच आठवड्यात ती फायनल एक्झिटवर गेली."

म्हणजे एक पुस्तक रीतसर देश सोडून गेलं होतं. मनिलाला की कोट्टायमला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या मुलींच्या शाळेच्या त्या गोष्टी. समुद्राकाठी कड्यावर दगडी शाळा आणि दर पुस्तकात एक शालेय वर्ष. पहिल्या भागात बारा वर्षांची एक अनाथ मुलगी ट्रंक घेऊन दारात उभी राहते आणि पाचव्यात तीच सगळ्या शाळेची पुढारी होते. मधे हॉकी, फ्रेंचच्या तापट बाई, चोरीला गेलेला निबंध, कड्यावरून घसरलेली मैत्रीण आणि दर तीस पानांनी चहा. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, एक्स-रे काढून पोट भरते. पण त्या कड्यावर अशी काही रमले की नवऱ्याने एकदा विचारलंच, "या वयात तू हे वाचतेस?"

"वाचत नाही, चाटूनपुसून खातेय," मी म्हटलं. "तुम्ही डाळ गरम करून घ्या."

एकटीने खाणं मला जमत नाही. आमच्या इमारतीत पाच मुली होत्या, नऊ ते बारा वर्षांच्या. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की बाहेर दमट गरम वारा आणि धूळ, कुणी कुठे जात नाही. मुली माझ्या हॉलमध्ये गालिच्यावर बसायच्या, मधे इथल्या आंब्यांच्या फोडी. रत्नागिरीत जन्मलेल्या बाईने जिझानचा आंबा चांगला म्हणणं म्हणजे माहेराशी फितुरी. मी म्हणत नाही, नुसती खाते.

मुलींना इंग्रजी माझ्यापेक्षा छान येतं, पण मी ठरवलं होतं की गोष्ट मराठीतच. पुस्तक हातात उघडं धरायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं. दिवसभर पेशंटना अरबीत "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" सांगून माझा आवाज कमावलेला आहे. मैत्रीण कड्यावरून घसरली तेव्हा मी पाचही जणींना श्वास धरायला लावला आणि आंब्याची एक फोड संपवूनच सोडायला सांगितला.

अडचण शब्दांची होती. मुख्याध्यापिका म्हटलं की पोरी म्हणायच्या, "म्हणजे कोण?" मुदीरा म्हटलं की लगेच कळायचं, कारण त्यांच्या शाळेच्या मागच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत मुदीराच असते. सुट्टीला घरी जायची परवानगी म्हणजे एक्झिट री-एंट्री. आणि त्या अनाथ मुलीचा जो गार्डियन होता, लंडनमध्ये राहणारा, फी भरणारा, वर्षाकाठी दोन पत्रं लिहिणारा, त्याला मी म्हटलं कफील.

हा शब्द माझ्या तोंडून आपसूक आला. आपण ज्याच्या नावावर या देशात राहतो, ज्याच्या सहीसाठी एके काळी मोठमोठे डॉक्टर फाइल घेऊन दारात उभे राहायचे, तो कफील. हल्ली बरंचसं मोबाइलवर होतं, पण घराघरात हा शब्द अजून जरा आवाज उतरवूनच बोलतात. मुलींनी तो ऐकला आणि पाचही जणी एकदम सावरून बसल्या. कथेकऱ्याला आणखी काय हवं!

दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर त्या गार्डियनचं पत्र येतं: या सुट्टीत घरी येऊ नकोस. बस्स, पुस्तक संपलं. चौथा भाग उघडला, तर मुलगी आगगाडीत बसून मजेत केक खातेय. मधे काय झालं ते मनिलाला, किंवा कोट्टायमला.

"मावशी, देन व्हॉट?" पाच तोंडं वर झाली.

मी उठले, पाणी प्यायले, पाचवा भाग मधेच कुठेतरी उघडून हातात धरला, आणि तिसरा भाग सांगायला लागले.

काय तिसरा भाग होता! कफीलला एक सोन्याचा दात दिला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिला, त्यासाठी आमच्या कपाटाच्या किल्ल्या वाजवल्या. त्याने मुलीचा पासपोर्ट हिरव्या लोखंडी तिजोरीत कुलूपबंद केला. पोरगी सबंध सुट्टी रिकाम्या शाळेत, सोबतीला फक्त स्वयंपाकीण. शेवटी मुदीराबाई चिडल्या, टोपी घातली आणि घोडागाडी जोडून तडक जवाझातच्या, म्हणजे पासपोर्टच्या ऑफिसात गेल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जवाझात कुठलं, असं एकीनेही विचारलं नाही. पाच शुक्रवार चालला तो भाग. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम काम.

खालच्या मजल्यावरची मुलगी पाच जणींत सगळ्यांत मोठी, बारा पूर्ण. वडील आमच्याच इस्पितळात भूलतज्ज्ञ, आई नर्स. ती नेहमी पुढे बसायची, हसायची कमी आणि बघायची फार. दोन वर्षांत वडिलांचा करार संपणार होता. मग ऐन नववी-दहावीत शाळा बदलण्यापेक्षा आत्ताच तिला पाचगणीच्या एका शाळेत, वसतिगृहात ठेवायचं घाटत होतं. आत्या साताऱ्याला असते, ती जवळच. मुलगी तयार होती. तयार कसली, ट्रंक कोणत्या रंगाची घ्यायची इथपर्यंत आली होती. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात घेतलं होतं, हे कबूल करते.

मग एका रविवारी संध्याकाळी तिची आई वर आली. हातात शाळेचा फॉर्म.

"ताई, तुम्ही काय सांगितलंत हो तिला?"

"मी? कुठे काय?"

"फॉर्म भरायला बसलो. इथे बघा, लोकल गार्डियन. मी म्हटलं, आत्याचं नाव घालू. तर एकदम ताठ झाली. 'गार्डियन म्हणजे कफील ना? मला कफील नकोय. मी जाणार नाही.' माझ्या नणंदेला कफील म्हणते, ताई! तिचा फोन आला तर बाथरूममध्ये जाऊन बसते."

मला हसू आलं, ते दाबून मी फॉर्म हातात घेतला.

"गुरुवारपर्यंत फॉर्म पोचला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. हे म्हणतात, समजावून पाठवू. पण मला तिला रडवून नाही पाठवायचं. स्वतःच्या तोंडाने जाते म्हणाली तरच पाठवणार, नाहीतर राहू दे इथेच."

सोमवारी मी मुलीला वर बोलावलं. सोबत दुसरं कुणी नको म्हटलं. खरं सांगायचं तर माझा बेत कबुलीचा नव्हताच. कलाकार माणूस आधी दुरुस्ती करून बघतो. मी पुस्तक उघडलं आणि म्हटलं, "अगं, तिसऱ्या भागाची शेवटची दोन प्रकरणं राहिलीच होती. त्यात बघ, कफीलला आजारपण येतं. फार पश्चात्ताप होतो. तो तिजोरी उघडतो..."

ती ऐकत होती. मी दात काढून टाकला, किल्ल्या समुद्रात फेकल्या, कफीलच्या डोळ्यांत पाणी आणलं. माझ्याही डोळ्यांत थोडं आलं.

"मावशी," ती म्हणाली, "तू पान उलटलं नाहीस."

"काय?"

"बाकीच्या बुक्सना तू पान उलटायचीस. थर्डला एकदाही नाही. पाच फ्रायडे. सेम पेज."

चाळीस माणसांपुढे बोललेय, एवढी कधी पकडली गेले नव्हते. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तिसरा भाग माझ्याकडे नाहीये," मी म्हटलं. "हरवलाय. मी रचून सांगितला."

"सगळा?"

"सगळा."

"कफील?"

"म्हणजे गार्डियन आहे पुस्तकात. पण कफील हा शब्द माझा. पासपोर्ट माझा, तिजोरी माझी."

"आणि घोडागाडीतून जवाझात?"

"ते तर शंभर टक्के माझं."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. "मग खरा गार्डियन काय करतो?"

इथे आणखी एक गोष्ट सांगता आली असती. जिभेवर आलीही होती, गोड, पांढऱ्या दाढीची. मी ती गिळली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी वसतिगृहात कधी राहिले नाही. मला कुणी गार्डियन नव्हता. पुस्तकातल्याने पत्र का लिहिलं, तेही माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या बाबतीत? जी गार्डियन होणार आहे तिला. विचार की तिलाच."

तिने गालिच्याचा एक दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "तू इथेच बस. पण बोलू नकोस." मला बोलू नको म्हणणं ही किती मोठी शिक्षा, हे तिला नेमकं ठाऊक होतं. खाली जाऊन ती आईचा फोन घेऊन आली आणि व्हिडिओ कॉल लावला.

साताऱ्यात आत्या मेथी निवडत होती. "अगं बाई! आज बाथरूम रिकामं नव्हतं वाटतं?"

मुलगी लाल झाली, पण हटली नाही. "आत्या, मला क्वेश्चन्स आहेत. माझा पासपोर्ट कुणाकडे राहणार?"

"पासपोर्ट? माझाच कुठे ठेवलाय ते दोन वर्षं शोधतेय. तुझा माझ्याकडे देऊ नका बाई. कपाटात जाईल आणि गुडुप होईल."

"सुट्टीत मला इकडे पाठवशील? तू नको म्हणालीस तर?"

"मी कोण नको म्हणणारी? तुझं तिकीट तुझा बाप काढणार. मी फार तर डब्यात चार लाडू जास्त देईन."

मग ती थांबली. मला दिसत होतं, आधीचे प्रश्न सोपे होते. खरा आता येत होता.

"आणि मला तिथे एकदम नको वाटलं, आणि मी फोन केला, आणि तू आलीच नाहीस तर?"

आत्याने मेथी बाजूला ठेवली. चेष्टा संपली होती.

"मी येईन," ती म्हणाली. "पसरणीचा घाट मला बाधतो. तुझ्या बापाला विचार, लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा मी त्या घाटात दोनदा गाडी थांबवली होती. तरी येईन. हातात लिंबू धरून, एसटीने, खिडकीपाशी बसून. पण मधे थांबत थांबत येईन, तेव्हा तू जरा दम धरायचास. चालेल?"

मुलीने फोनकडे बघितलं. माझ्या तिसऱ्या भागात असलं एकही वाक्य नव्हतं. माझ्या कफीलला काहीच बाधत नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. मग इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं, "मग मी जाते."

आम्ही खाली तिच्या घरी गेलो आणि फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरला. त्यात एक रकाना होता: रविवारी मुलीला बाहेर न्यायची परवानगी कुणाकुणाला. तीन ओळी. पहिलीत आत्या, दुसरीत आत्याचे यजमान. तिसऱ्या ओळीत तिने माझं नाव लिहिलं.

"अगं, मी इथे राहते!" मी म्हटलं. "रविवारी पाचगणीला यायचं तर मला शुक्रवारी निघावं लागेल."

"ऑगस्टमध्ये तुझी लीव्ह असते ना? मग ये."

 फॉर्म तिच्या आईने त्या रात्री नाही, तिथल्या तिथे, फोटो काढून पाठवला आणि मग चहा केला.

जूनमध्ये मुलगी गेली. पहिले पंधरा दिवस तिच्या आईला रोज फोन, मग दिवसाआड, मग रविवारी. ऑगस्टमध्ये मी गेले. रेक्टरबाईंनी माझं नाव यादीशी ताडून पाहिलं, ओळखपत्र मागितलं, माझ्याकडे आणि ओळखपत्राकडे दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "पाचपर्यंत."

मुलगी उंच झाली होती आणि भराभरा मराठी बोलत होती. तिच्या खोलीत सात जणी. एकीशी भांडण चालू होतं, दोघींशी घट्ट मैत्री. गणिताच्या बाई भयंकर. एकदा नको वाटलं होतं, तेव्हा आत्या खरंच आली होती, आणि आल्या आल्या आधी तिलाच वसतिगृहाच्या आजारी खोलीत झोपवावं लागलं होतं. हे सांगताना तिला हसू आवरेना. बाजारातल्या एका हॉटेलात बसलो होतो, माझं तोंड चालू होतंच, तिचंही चालू, बाहेर दाट धुकं, घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. परत पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं.

रेक्टरबाई दारातच उभ्या होत्या. "पाच म्हणजे पाच, बाई."

"हो, बाई."

"पुन्हा असं झालं तर यादीतून नाव कमी करावं लागेल. फॉर्मवर नियम छापलेले असतात."

"चुकलं, बाई. पुन्हा नाही होणार." मी मान खाली घातली. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बोर्डिंग शाळेत बोलणी बसत होती. सुख काय असतं ते मी त्या व्हरांड्यात अनुभवलं.

मुलगी माझ्या शेजारी जमिनीकडे बघत उभी होती, हसू दाबताना खांदे हलत होते. वरून कुणीतरी हाक मारली, तशी ती "बाय मावशी" म्हणून जिन्याने पळाली. मागे वळूनही बघितलं नाही. मला जरा रागच आला.

रेक्टरबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. उशिराचं कारण, असा रकाना होता. पेन हातात आल्यावर सवयीने दोन-तीन झकास कारणं सुचली, त्यांपैकी एकात दरड होती. मग मी खरं तेच लिहिलं: मक्याचे पॅटिस, दुसरी प्लेट.

त्यांनी ते वाचलं, चष्मा सारखा केला आणि खाली सही केली.