कापगते डिसअ‍ॅग्री झाले

कारखान्यातून रिटायर झालेले मनिराम कापगते भिलाईच्या हुडको कॉलनीत इंग्रजी बोलायच्या क्लासला जात होते. महिना झाला तरी तोंड उघडलं नव्हतं. एक तरी वाक्य आपण बोलावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्या दिवशी वादविवादाचा विषय होता, ‘आजची पोरं कामचुकार आहेत का?’ मोनाली मॅडमनी वय पाहून त्यांना ‘आहेत’ म्हणणाऱ्यांत बसवलं. शेजारचा पोरगा तावातावानं सांगू लागला, की जुने लोक साहेबाला कधी नाही म्हणत नसत, तेच खरे कामसू. ‘नाही’ म्हणता न आल्यानं स्वतःच्या हळदीच्या दिवशी केलेली डबल ड्यूटी मनिरामना आठवली आणि ते ताडकन उठले.

“आय डिसअ‍ॅग्री!”

“दादाजी, आप तो हमारी साइड हो!” पोरगा ओरडला.

“तरीबी डिसअ‍ॅग्री!” सगळा वर्ग हसत सुटला, मनिरामही.

घरी ते तरंगतच आले. बायकोनं, अनुसयाबाईंनी, ताटात दोडक्याची भाजी वाढली.

“आय डिसअ‍ॅग्री.”

“काय म्हनून राहिले जी?”

“मले दोडका आवडत नाही.”

“अवं माय! पहिलेच सांगाचं ना! मले तरी कुठं आवडते? तुमच्यासाठीच तं करत होती!”