देवाच्या डोहातले मासे

देवळाखालच्या डोहात पुलाचा खांब उभा राहिला तर तिथल्या महसीर माशांचं काय होईल, हे तपासायला मी गेले होते. हे मासे इतरत्र संपत आलेत. इथं देवाचे म्हणून त्यांना कुणी धरत नाही. खोली मोजायला वाकले, तोच हातभर लांब मासे तोंड उघडून वर आले.

“काय आणलंत त्यांना, ताई?” चुरमुरे टाकणाऱ्या बाईनं विचारलं.

“काहीच नाही.”

“रिकाम्या हातानं येतात होय इथं? पूल हवाच हो, पावसात पोरींची शाळा बुडते. पण खांब पलीकडच्या खडकावर घ्या.”

पूल लांबेल, खर्च वाढेल. तरी मी तेच सुचवणार आहे. माणसाला भ्यायचं असतं, हे या माशांना ठाऊकच नाही. उद्या डोहात यंत्र उतरलं, तरी ते असेच तोंड उघडून सामोरे येतील.