टेबलावरचा चष्मा

फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होते. तो माझ्या डोक्यावरच आहे, हे नातीनं हसत दाखवलं आणि तेवढ्यात पलीकडून रुक्मीण म्हणाली, "बाई, माय गेली..." रुक्मीण म्हणजे कौसाबाईची लेक. परभणीच्या ज्या कचेरीत मी मोठी कारकून होते, तिथली झाडलोट कौसाबाईनं केली, माझ्या पूर्ण नोकरीभर.

ती झरीहून, आपल्या गावाहून, पहिल्या एसटीनं यायची. दहाच्या आत झाडणं, पुसणं, संडास धुणं सगळं उरकलेलं. मग पाचच्या सहीपर्यंत जिन्याखाली बसून राहायची, कुणाचा चहा सांडला तर हाताशी असावी म्हणून. ठेकेदाराचा नियम दोन सह्यांचा, एक आल्यावर, एक पाचला, आणि हजेरीपुस्तक माझ्या ताब्यात. त्या वेळची मी काय विचारता! कडक इस्त्रीची साडी, आणि पुस्तक असं छातीशी धरायची, जणू अख्खा जिल्हा माझ्या नावावर आहे. नियमाची एवढी पक्की बाई मी, रोज चारला मात्र गुपचूप सटकायची, भाजीला नाहीतर भिशीला, आणि पाचला पदर सावरत परत. मागे पंखा चालू, फाईल उघडी, तिच्यावर माझा जुना चष्मा. साहेबांनी विचारलं की कौसाबाई फडकं फिरवत सांगायची, "आत्ताच उठल्या की. चष्मा हाय बघा." असं सांग म्हणून मी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिनंच ते काम अंगावर घेतलं होतं.

एकदा दुपारी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. बाळंतपण उरकून रुक्मीण जिंतूरला सासरी निघाली होती, जावई चारला न्यायला येणार. "आजच्या दिस सही आत्ता करू द्या की बाई. लेकराला काजळ लावून वाटंला लावते." मी पुस्तक मिटलं. म्हटलं, पाचची सही पाचलाच, तुला सोडलं तर उद्या सगळेच मागतील. सगळेच म्हणजे कोण, देव जाणे. झाडणारी ती एकटीच होती. ती जिन्याखाली जाऊन बसली. आणि मी, चार वाजता, हळदीकुंकवाला.

निवृत्तीनंतर झरीला जाऊन तिला एकदा भेटायचं, बोलायचं, असं वर्षानुवर्षं म्हणत राहिले... गेले ती तेराव्यानंतर. रुक्मीणला तो दिवस आठवत नसेल अशी माझी लबाड आशा होती. चहा देता देता तीच सहज बोलली, "माय घरी आली तवा आमी निघून गेलो होतो. लय दिवस म्हणायची, बाईचा चष्मा राखायला थांबले गं मी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो चष्मा अजून माझ्याकडे आहे. काड्या सैल झाल्यात, त्यातून आता काही दिसतही नाही. हल्ली चार वाजले की तो समोर ठेवते आणि पाचपर्यंत जागची हलत नाही. फार लांबतो तो एक तास... तिचे रोजचे सात होते.