तिसऱ्या तासाचं पाणी

मावशी गेल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. खाली कुणीतरी लगेच विचारलं, "कोणत्या मावशी?" दुसऱ्या दिवशी शोकसभेआधी मुख्याध्यापक फळ्यावर नाव लिहायला उभे राहिले आणि खडू हातात धरून आमच्याकडे वळले. "मावशींचं पूर्ण नाव काय हो?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी म्हणालो, "सुलोचना मारुती गायकवाड." "तुम्हाला बरं माहीत!" सरांच्या आवाजात कौतुक होतं. मला ते नाव का माहीत होतं, हे त्या दिवशी तोंडातून निघालं नाही... महिना झाला. आज लिहितो.

मावशी मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. शाळेची झाडलोट, घंटा, पाणी सगळं त्यांच्याकडे. मला गार पाणी सोसत नाही, हे त्यांना मी कधी सांगितलं ते आठवत नाही. पण तिसऱ्या तासाला माठातलं नव्हे, पिंपातलं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून त्या माझ्या वर्गाच्या खिडकीत ठेवायच्या. पेल्याचा आवाज झाला की मी फळ्यावर लिहिता लिहिताच, मागे न वळता म्हणायचो, "ठेवा."

मतदार यादी पडताळायचं काम माझ्याकडे आलं, तो उन्हाळा होता. शाळेमागचीच वस्ती. एका खोलीला कुलूप होतं. यादीतलं नाव वाचून शेजारच्या बाईंना विचारलं. "सुलोचना? आसं कोन न्हाय की हितं." वस्तीतही त्या मावशीच होत्या, हे मला नंतर कळलं. कुलूप असलं तर पुन्हा जायचं, असा नियम होता. मी गेलो नाही. 'पत्त्यावर आढळून आल्या नाहीत' असं लिहून सही केली आणि तसाच शाळेत आलो. मावशी पटांगण झाडत होत्या. झाडू टाकून पाणी घेऊन आल्या.

"लई उनातनं आला सर. गूळ देऊ का? कुटं फिरत हुता?"

"यादीचं काम, मावशी."

"माजं बी नाव हाय की त्यात!"

"असेल," मी म्हणालो. गुळाचा खडा तोंडात टाकला. नाव काय, एवढंही विचारलं नाही.

मतदान आमच्याच शाळेत होतं. बाकं हलवणं, पिंपं भरणं, पहाटेपासून मावशी राबत होत्या. दुपारी घरी जाऊन ठेवणीतलं इरकल नेसून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. दारापाशी यादी घेऊन मीच बसलो होतो. त्यांनी ओळखपत्र पुढं केलं. मी नाव वाचलं, आणि ते कुठं लिहिलेलं पाहिलं होतं ते आठवलं.

"यादीत नाही, मावशी."

"नीट बगा की सर. मी हाय की हितं, तुमच्याफुडं."

मागचे लोक घाई करू लागले. मी यादीत बोट फिरवत राहिलो. मान वर केली नाही. त्या हसल्या. "जित्तेपनी मारलं व्हय मला कुनी?" म्हणत बाजूला झाल्या. तासाभरानं जुनं लुगडं नेसून परत आल्या आणि माझ्यापुढं पेला ठेवला. मी ते पाणी प्यायलो.

नंतर त्यांचा नवा अर्ज मीच भरला. "सर लई देवमानूस," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. नाव कुणाच्या सहीनं गेलं होतं, ते मी सांगितलं नाही. सांगायला हवं, असं रोज वाटायचं. नाव परत आलं, पण पुढचं मतदान येण्याआधीच मावशी गेल्या.

आता पाण्याची बाटली मी घरूनच आणतो. खिडकीच्या फरशीवर पेल्याचा गोल डाग अजून आहे. तिसऱ्या तासाला कधीतरी मागून तो आवाज येतो... खडू हातात तसाच राहतो आणि मी चटकन वळून बघतो. मुलं विचारतात, "काय झालं सर?"

"काही नाही," म्हणतो. पण वळायचं काही थांबत नाही.