कपाटातल्या कुंडीचं पान

पालाबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंच्या पिशवीत कायम एखादी डहाळी नाहीतर शेंग असायची, म्हणून. बाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही. जीवशास्त्र शिकवायचं तर हात मळले पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रयोगाची भांडी त्या स्वतः घासत आणि नीट घासत.

यंदा मुख्याध्यापकांनी तंबी दिली होती. नववीची पोरं प्रयोगशाळेत नुसत्या टिवल्याबावल्या करतात. एकदा येऊन बघतो, नाहीतर हा तास गणिताला देतो.

बाईंनी प्रकाशसंश्लेषण निवडलं. एक कुंडी खिडकीत, दुसरी दोन दिवस बंद कपाटात. उन्हातलं पान स्वतःचं अन्न, म्हणजे स्टार्च, तयार करतं आणि आयोडीन टाकलं की काळंनिळं पडतं. अंधारातलं पिवळट राहतं. कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे होती.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. बाईंनी दोन्ही पानं उकळली, स्पिरिटमध्ये त्यांचा हिरवा रंग काढला, धुऊन बशीत पसरली. वर आयोडीनचे थेंब टाकले. खिडकीतलं पान काळं पडलं. कपाटातलंही पडलं.

वर्गात खसखस पिकली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकातलं उत्तर सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी खडू खाली ठेवला आणि काय चुकलं असेल, असं वर्गालाच विचारलं.

तास सुरू झाला की पेंगणारी एक मुलगी होती. सगळे तिला डुलकी म्हणत. ती उठून बशीपाशी आली.

"बाई, पान कशाला खोटं बोलेल? ह्याला ऊन मिळालंय."

मग पोरांना चेव आला. एकाने कपाटात शिरून दार ओढून घेतलं आणि आत मिट्ट काळोख असल्याचं कळवलं. दोघींनी बाटल्या तपासल्या. डुलकीला खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांचे ओले गोल डाग दिसले. खिडकीत कुंडी एक, डाग दोन. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे काका किल्लीशी चाळा करत उभे होते.

"दुपारी इथं कुणी नसताना बाहेर काढायचो," ते म्हणाले. "जितंजागतं झाड, बाई. कोंडलेलं बघवेना."

"म्हणजे काका, तुम्ही त्याला चोरून जेवू घातलंत," डुलकी म्हणाली.

वर्ग हसला, काकाही ओशाळून हसले. बाईंना रागवायचं होतं, पण जमलं नाही. ज्या धड्यासाठी त्या दरवर्षी घसा कोरडा करायच्या, तो पोरीने एका वाक्यात सांगून टाकला होता.

प्रयोग फसलाय, तो पुन्हा करा, असं मुख्याध्यापक जाताना म्हणाले. आणि तास बाईंकडेच राहू दे.

शाळा सुटल्यावर कुंडी परत कपाटात गेली. काकांनी कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली डुलकीच्या हातावर ठेवली.

"तूच सांभाळ, पोरी. माझा काही भरवसा नाही."

डुलकीने कपाटाकडे पाहिलं. पाणी तरी घालू ना, तिने विचारलं.

"पाणी घाल," बाई म्हणाल्या. "खिडकीकडे मात्र नेऊ नकोस."