बुधवारचा डबा

सासूबाई दर बुधवारी दुपारी डबा घेऊन कुठे जातात, हे धाकट्या सुनेला सहा वर्षांत कळलं नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाय मोकळे करायला." पाय मोकळे करायला डबा कशाला लागतो?

सगळे त्यांना आक्का म्हणत. नवरा गेल्यावर आक्कांनी शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलरी जोडून तीन मुलं वाढवली. एकदा तिथे कापडाचा तागा हरवला आणि सुपरवायझरने बोट दाखवलं ते आक्कांकडे. ना पुरावा, ना चौकशी. थेट घरी बसवलं. पुढे त्या घरीच उशांचे अभ्रे शिवत राहिल्या, पण तो आळ काही उसवला नाही. कुणाच्याही घरून निघताना आक्का पिशवी उलटी करून दाखवत. "बघून घ्या हो, मागाहून शोधाशोध नको." लोक हसत, आणि हसता हसता बघूनही घेत.

सुनेने एकदा लपतछपत पाठलाग केला होता. आक्का एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर शिरल्या. दार एका म्हाताऱ्याने उघडलं. सुनेच्या मनात नाही नाही ते आलं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. आईबद्दल तो एक शब्द ऐकून घेत नसे. ती गप्प बसली. पण तेव्हापासून आक्कांनी पाठीवरून मायेने हात फिरवला तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची.

आक्का झोपेतच गेल्या. त्यानंतरच्या दुसऱ्याच बुधवारी सून त्या दाराशी उभी राहिली.

"गेल्या खेपेला आली नाहीस," म्हातारा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं.

"त्या वारल्या. मी त्यांची सून. तुम्ही कोण त्यांचे?"

तो भिंत चाचपत खाली बसला. "कुणी नाही. तिच्यावर आळ घेतला, तो सुपरवायझर."

सुनेने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"तागा तिसऱ्याच दिवशी सापडला, पोरी. मांडणीच्या मागे पडला होता. नोकरी जाईल म्हणून मी तोंड शिवून बसलो. डोळे गेल्यावर तिला निरोप धाडला, माफी मागितली. ती म्हणाली, आज नाही, पुढच्या बुधवारी मागा. मग दर बुधवारी जेवू घालायची. मी मागायचो, ती पुढच्या बुधवारवर ढकलायची."

"आणि तुम्ही खात होता?"

"पहिले काही महिने भीत भीत. वाटायचं, काही कालवलं तर नसेल?"

"शेवटी माफ केलं का?"

"नाही."

ही दया होती की शिक्षा, सुनेला उमगेना. ती एवढंच म्हणाली, "उठा. हे आमच्या घरी येऊन सांगा."

घरी तिने नवऱ्याला बाहेर बोलावलं, शेजारच्या काजवाल्या मावशींनाही. मावशी त्याच कारखान्यात शर्टांना काजं करायच्या. म्हाताऱ्याने अडखळत सगळं सांगितलं.

"मला पहिल्यापासून माहीत होतं, आक्का तसली नव्हे," मावशी घाईघाईने म्हणाल्या. कुणीच मान डोलावली नाही.

नवरा आत गेला, पाण्याचा ग्लास घेऊन आला. पण दिला नाही. हातात धरून उभाच राहिला. सुनेने तो घेतला आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. मावशींकडे बघायचा धीर तिला झाला नाही. आक्कांवर संशय घेणारी ती एकटी नव्हती, पण सर्वांत जवळची तीच होती.