आजारी तळ्याचा राखणदार

माणूस अकरा वर्षं तळ्यावर राहिला की अंगाला वास चिकटतो आणि डोक्यात किस्से साठतात. वास साबणाने जातो.

आखातात, फुजैराच्या डोंगरात, आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, फार्म होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. फार्मवर गोड्या पाण्याचं तळं. पाहुण्यांनी गळ टाकायचा, मासा धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. तळ्याच्या खाली वादी, म्हणजे डोंगरातला ओढा. त्यात बोटाएवढे रानमासे. अरबाब बजावायचा, "वादी की मछली मेरे दादा के टाइम की है. उसको कुछ नहीं होना. और मेहमान भी खुश जाना!" दोन्ही एका दमात.

मी रत्नागिरीच्या खाडीवरचा, चौथी पास. तळं माझ्या ताब्यात. माझ्यावर मॅनेजर देशपांडे. पुण्याचे, हॉटेलाची डिग्री घेतलेले.

*

एका हिवाळ्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मी देशपांड्यांना सांगितलं, "रोग आहे. तळं बंद करा, मीठ टाका. आणि हे पाणी वादीत जाऊ देऊ नका. तिथले मासे एका दिवसात संपतील."

"काका, पॅनिक नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकावर बोर्ड लावला. आमच्याकडे ठिपकेवाले स्पेशल मासे!

पाहुणे दुप्पट आले.

*

मासे मरायला लागले तेव्हा दुबईहून तज्ज्ञ आला. काचेखाली खवला पाहिला, चार पानं लिहून दिली. देशपांड्यांनी वाचून दाखवली. तळं तीन आठवडे बंद. मीठ टाकणे. पाणी वादीत न सोडणे.

"काका, हे तुम्हाला आधीच कसं कळलं? शिक्षण तर चौथी!"

"पाचवीपासून विसरायला शिकवत असतील."

*

तळं बंद, तरी शारजाहून एक मराठी कुटुंब आलं. बाप हातात गळाची नवी काठी घेऊन उभा. "लांबून आलोय हो काका. एकच मासा धरू द्या."

मी मानेनेच नकार दिला. त्याची आठ वर्षांची मुलगी वाकून पाण्यात बघत होती. म्हणाली, "डॅड, दे आर सिक! यू डोन्ट फिश इन अ हॉस्पिटल!"

बापाने काठी गाडीत ठेवली. मी शेजारी उभ्या देशपांड्यांना म्हणालो, "हिला नोकरी द्या. तुमची."

*

आमच्या ऑफिसात जोशी होते. शाकाहारी, मनाने हळवे. एकदा वादीच्या उतारावर बादली घेऊन सापडले. बादलीत चार आजारी मासे.

"कुठे निघालात?"

"वादीत सोडतो. वाहतं पाणी आहे, बिचारे बरे होतील. तेवढंच पुण्य."

"ते बरे व्हायच्या आधी वादीतले मरतील. बादली खाली ठेवा."

"मग पुण्याचं काय?"

"मिठाची पोती उचला."

संध्याकाळपर्यंत सहा पोती वाहिली. कमरेवर हात ठेवून घरी जाताना म्हणाले, "पुण्य फार जड असतं हो!"

*

मग अरबाबचा एक मोठा पाहुणा शुक्रवारी येणार असं ठरलं. तीन आठवड्यांतले आठच दिवस झाले होते. देशपांडे धावत आले. "काका, यल्ला, चला लवकर! हे पाणी वादीत सोडा, ताजं भरा. मी नवे मासे आणतो."

मी तळ्याचं पाणी सोडायच्या वाल्व्हचं लोखंडी चाक काढलं आणि खोलीत नेऊन उशीखाली ठेवलं.

"शुक्रवारी पाहुण्याला मासा मिळाला नाही, तर शनिवारी तुमचं तिकीट! व्हिसा खलास!"

धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मला नोकरी हवी होती. तरी म्हणालो, "तिकीट काढा. चाक मिळणार नाही."

तीन रात्री चाकावर झोपलो. मान अजून दुखते.

*

शुक्रवार आला. तळ्यात पुढे गेलेला एक लाकडी धक्का होता. त्यावर पाहुणा बसला, शेजारी अरबाब, मागे मी. देशपांडे कुठे दिसेनात. पाच मिनिटांत काठी वाकली. पाहुणा ओरडला, "मिला! मिला!"

वर आला तो हमूर. समुद्रातला मासा, डोंगरातल्या गोड्या पाण्यात! खवले काढलेले, पोट साफ. बाजारात देशपांड्यांनी सवयीने सांगितलं असणार, साफ करके देना.

धक्क्याखाली गळ्याएवढ्या पाण्यात देशपांडे उभे होते. मला फळ्यांच्या फटीतून दिसत होते. अरबाबलाही.

अरबाबने माशाच्या रिकाम्या पोटात पाहिलं. मला विचारलं, "ये भी बीमार है?"

"नहीं अरबाब. इसका ऑपरेशन हो गया."

"और बाकी?"

"दस दिन और लगेंगे."

"खलास. दस दिन बंद. चाबी-वाबी सब तेरे पास."

मग त्याने धक्क्यावरच आणखी खुर्च्या मांडायला सांगितल्या आणि कॉफी मागवली. कॉफी दोन तास चालली.

मध्येच फळ्यांखालून शिंक आली. पाहुणा दचकला, माझ्याकडे पाहू लागला.

"मछली है," मी म्हणालो. "अभी ठीक नहीं हुई."